तिसऱ्या पायरीवरची आरोळी

एका जंगलात, मुलांनो, शहरातली चार माणसं तंबू ठोकून राहिली आणि जाताना एक खोका विसरून गेली.

खोक्यात एक खेळ होता. सहा बाजूंचे तीन फासे, वीस बाजूंचा एक फासा आणि नियमांचं जाडजूड पुस्तक. खेळ असा, की प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं. कुणी योद्धा व्हायचं, कुणी वैद्य, कुणी गवई, कुणी टेहळ्या. मग सगळ्यांनी मिळून एका नसलेल्या राक्षसाला मारायला जायचं. प्रत्येक पेशाला वीस पायऱ्या. खेळता खेळता एकेक चढायची.

जंगलात वाचता येणारा एकच प्राणी होता, मुंगूस. त्यामुळे पुस्तक त्याच्याकडे गेलं आणि आठवडाभरात तो मुंगूसशास्त्री झाला. वाचता येणाऱ्याचं असंच होतं. तुम्ही जपून राहा.

महिनाभर सगळे मजेत खेळले. मग एके दिवशी शास्त्रीबुवांना पुस्तकाच्या शेवटी एक प्रकरण सापडलं. त्याचं नाव ‘जोडपेशा’. एकाच सोंगाला दोन, तीन, हवे तितके पेशे घेता येतील, असं त्यात लिहिलं होतं.

ससेराव नावाचा एक ससा होता. त्याचं डोकं चालायचं, आणि ते चालायला लागलं की इतरांची पंचाईत व्हायची. त्याने सगळ्या पेशांच्या पायऱ्या नीट ऐकून घेतल्या आणि कान उभारले.

“शास्त्रीबुवा, एक गोष्ट लक्षात आली का? सगळा फायदा पहिल्याच पायरीवर आहे. योद्ध्याला पहिल्या पायरीवर ढाल मिळते, दुसरीवर नुसता सराव. वैद्याला पहिल्या पायरीवर झोळी आणि मान मिळतो, दुसरीवर नुसता अभ्यास. मग दुसरी पायरी चढायची कशाला? प्रत्येक पेशाची पहिली घ्यावी आणि पुढे निघावं.”

सगळ्यांना हे इतकं पटलं, की खेळापुरतं ठेवायचंही कुणाच्या मनात आलं नाही. जंगलाला तोच कायदा लागू झाला. जितकी वर्षं काम केलं तितक्या पायऱ्या, आणि त्या कुठल्या पेशात घ्यायच्या ते ज्याचं त्याने ठरवायचं. शास्त्रीबुवा पळसाच्या पानावर दाखले देऊ लागले. सहा वर्षांचा ससेराव एका सकाळी योद्धा, वैद्य, गवई, स्वयंपाकी, न्यायाधीश आणि टेहळ्या झाला.

टेहळ्या व्हायला तर झुंबड उडाली. कारण टेहळ्याला पहिल्याच पायरीवर ऐनाच्या उंच झाडावर जागा मिळायची. तिथे वारा होता, गोचिडी नव्हत्या.

त्या झाडावर बारा वर्षं एकटा दगडोबा वानर बसत आला होता. तो वर पाला खायचा, थोडा खाली टाकायचा. खाली चितळं तो पाला खायची. बिबट्या दिसला की दगडोबा “खॅक! खॅक!” असा ओरडायचा आणि चितळं पळायची. एवढाच त्याचा उद्योग. बारा वर्षांत चितळांचं एकही पाडस गेलं नव्हतं, म्हणून तो काही विशेष करतो असं कुणाला वाटत नव्हतं.

शास्त्रीबुवा झाडाखाली आले.

“दगडोबा, जागा कमी आणि अर्ज चाळीस. मी नियम केलाय, झाडावर फक्त जोडपेशी बसतील. तुमचा दुसरा पेशा कोणता?”

“दुसरा कशाला? मला आपलं बघता येतं अन् ओरडता येतं.”

“बारा वर्षं एकाच पेशात? अरेरे! बरं, टाका फासे. तीन फाशांत तेरा पडले तर चातुर्य आहे असं धरू आणि दुसरा पेशा देऊ.”

दगडोबाने फासे टाकले. चार, तीन आणि दोन. नऊ.

“वाटलंच मला,” शास्त्रीबुवा म्हणाले. “खाली उतरा. नाल्याकाठी गायनवर्ग आहे, वर्षभर बसा. मग पुन्हा टाकू फासे.”

गायनवर्ग कावळा घेत होता. त्याला गवयाची पहिली पायरी गेल्याच मंगळवारी मिळाली होती.

हे ऐकून ठिपकी चितळीण धावत आली. तिचं पाडस आठ दिवसांचं होतं आणि झाडाजवळच्या गवतात झोपलेलं असायचं. 

“शास्त्रीबुवा, माझ्या लेकराला पळता येतं, पण कधी पळायचं ते कळत नाही हो. ते दगडोबाकाका सांगतात. त्यांना नका उतरवू.”

“बाई, उगाच जीव टांगणीला लावून घेऊ नका. आतापर्यंत एकच टेहळ्या होता. आता चाळीस आहेत.”

आणि खरंच चाळीस जण वर चढले. ससा झाडावर कसा चढला, असं विचारू नका. दाखला असला की वर ढकलणारेही मिळतात. रानडुकराला खालची जाड फांदी दिली. तिच्यावर दुसऱ्या कुणाला बोट टेकायला जागा उरली नाही.

तिसऱ्या दिवशी, दुपार कलताना, बिबट्या आला.

तो चाळीस जणांना दिसला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे काही जण म्हणाले की दिसला नव्हता. दिसला होता. गवतातून पाडसाच्या दिशेने हळूहळू सरकत होता.

“बिबट्या आहे,” साळिंदर कुजबुजलं.

“तुम्ही ओळखलंत कसं?” ससेराव दबक्या आवाजात म्हणाला. “पहिल्या पायरीवर टेहळ्याला धोका फक्त दिसतो. ओळखता येतो दुसऱ्या पायरीवर. तुमची दुसरी झाली आहे का?”

“नाही. माफ करा.”

“मग निदान ओरडायचं तरी?” कुणीतरी विचारलं.

वरच्याच एका फांदीवर पुस्तक घेऊन बसलेल्या शास्त्रीबुवांनी पान उलटलं. “आरोळी तिसऱ्या पायरीवर.”

बिबट्या दहा पावलं पुढे सरकला.

“मी गवईसुद्धा आहे,” मोराला सुचलं. “गाऊन सांगू?”

“गवयाला पहिल्या पायरीवर फक्त मित्राची स्तुती गाता येते.”

“मग बिबट्याची स्तुती गातो की! पाडसाला ऐकू गेल्याशी कारण.”

“पण बिबट्या आपला मित्र आहे का?” न्यायाधीश या नात्याने ससेरावाने विचारलं. प्रश्न बिनतोड होता. त्यावर मत घ्यायचं ठरलं.

नाल्याकाठी दगडोबा सा लावत होता. तिथून बिबट्या दिसत नव्हता. पण त्याने सहज ऐनाकडे पाहिलं आणि त्याचा सा घशातच राहिला. चाळीस माना एकाच बाजूला वळल्या होत्या आणि कुणीही ओरडत नव्हतं. बारा वर्षं हेच काम केलेल्याला एवढं पुरेसं होतं. तो उड्या मारत उघड्या रानात आला आणि छाती फुटेस्तोवर ओरडला.

“खॅक! खॅक! खॅक!”

ठिपकी उसळली. पाडस तिच्यामागे पळालं. दोघं नाला ओलांडून पार झाली.

बिबट्या वळला. आता जमिनीवर जवळ असं एकटं वानरच उरलं होतं. दगडोबा ऐनाकडे धावला आणि खालच्या फांदीला हात घातला. फांदीवर रानडुक्कर होतं. हाताला धरायला काही मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी शोकसभा झाली. आधी शास्त्रीबुवांनी पुस्तक वाचलं. संकटातून जो जिवंत वाचतो त्याला अनुभवाबद्दल एक पायरी द्यावी, असं त्यात होतं. चाळीसच्या चाळीस जण वाचले होते. दगडोबा वाचला नव्हता, त्यामुळे त्याला काही देता आलं नाही.

ठिपकी मागे उभी होती. तिला रडू आवरेना.

“तुम्ही चाळीस जण होतात. एकानं तरी तोंड उघडायचं होतं! माझं लेकरू वाचवायला त्यांना जीव द्यावा लागला.”

“तुमच्या भावना समजतात, बाई,” शास्त्रीबुवा म्हणाले, “पण आज शोकसभा आहे. तक्रारी सोमवारी.”

ठिपकी पाडसाला घेऊन नाल्यापलीकडच्या रानात कायमची निघून गेली. तिथे टेहळ्या नव्हता. पण आहे असा समजही नव्हता.

इकडे नवी पायरी कुठे घ्यायची, हा प्रश्न आला. टेहळ्याची दुसरी घेतली असती तर पुढच्या वेळी बिबट्या ओळखता तरी आला असता. पण त्याच सकाळी शास्त्रीबुवांनी एक नवा पेशा उघडला होता, श्रद्धांजलीकार. पहिल्याच पायरीवर हार घालायचा मान आणि हवा तितका वेळ बोलायची मुभा. चाळीसही जणांनी तोच घेतला.

सगळ्यात आधी ससेराव बोलला. दगडोबाचे गुण त्याने तोंडभर गायले. मग हार सारखा केला आणि म्हणाला, “एकच दोष होता. शेवटी शेवटी ते गायनवर्ग अर्धवट सोडून पळाले.”

कावळ्याने मान डोलावली आणि गैरहजेरी मांडली.

तात्पर्य: मुलांनो, एकच काम शिका पण नीट शिका, असं मी सांगणार असं तुम्हाला वाटलं असेल. मुळीच नाही. काम नीट आलं की वेळेला तोंडातून आरोळी निघतेच, आणि बिबट्या आवाजाच्या दिशेने येतो. म्हणून सगळं थोडं थोडं शिका आणि ओरडता यायच्या आत थांबा. श्रद्धांजली वाहायला जिवंत असावं लागतं.