मिश्र वस्तीचा दाखला

पळस्प्याजवळच्या एका शाळेचा निकाल खराब लागला, तेव्हा वरिष्ठ कार्यालयाने मुलांकडे न पाहता त्यांच्या घरांकडे पाहिले. झोपडी आणि टॉवर शेजारी असले की मुलांची गुणवत्ता वाढते, असा अहवाल नुकताच आला होता. इथे शेजार होताच. मध्ये फक्त काटेरी तारा लावलेली भिंत होती. पण पटावरची सगळी मुले झोपड्यांच्या वाडीवरची. 'शनिवारपर्यंत तीस टक्के टॉवरवासी दाखवा, अन्यथा शाळा बंद,' असे पत्र आले.

मुख्याध्यापिका निशाबाई टॉवरचे सव्वीस मजले फिरल्या. प्रत्येक घरी सरबत मिळाले, मिश्रणाला पाठिंबा मिळाला. मूल एकही मिळाले नाही.

चौथीतल्या सोमीला एकोणतिसाचा पाढा उलटा येत असे. शाळा बंद झाली तर तिला आई वेणूबरोबर टॉवरमध्ये भांडी घासायला जावे लागणार होते.

"बाई, मी सकाली सातपासून टॉवरमदीच हाय," वेणू म्हणाली. "वाडीवर नुसती निजायला जाते. मंग मी कुठली?"

निशाबाईंनी हा प्रश्न तपासणी अधिकारी गुरुदत्त साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी नियमावली उघडली.

"निवास म्हणजे अधिकाधिक काळ वास्तव्य. वेणूबाई काम करतात, त्या चौदाव्या मजल्यावरचे फ्लॅटमालक किती तास घरी असतात?"

"ते दुबईला असतात. इथे पाहुणे येत-जात असतात."

"मग चौदाव्या मजल्याच्या खऱ्या रहिवासी वेणूबाईच!"

पण सगळ्याच मुलांच्या आया टॉवरमध्ये कामाला होत्या. शनिवारी अख्खा पट टॉवरवासी झाला.

"अरेरे, आता गरीब कमी पडले!" साहेब हळहळले. "मिश्रण पुन्हा बिघडलं."

टॉवरच्या मुलांना फुकट खिचडी कशाला, म्हणून आधी खिचडी बंद झाली. मग शाळा.

"माज्या पोरीनं जायाचं कुठं?" वेणूने विचारले.

"टॉवरच्या आवारातली इंग्रजी शाळा! हक्कच आहे तिचा," साहेब अभिमानाने म्हणाले.

सोमी टॉवरवासी असल्याचा दाखला घेऊन तिथे पोहोचली आणि सोसायटीने तातडीची सभा बोलावली.

"आमचा मिश्रणाला विरोध नाहीच," सेक्रेटरी धनेश म्हणाले, "पण मुलांचं परीक्षेचं वर्ष आहे हो."

"कुठली परीक्षा?" निशाबाईंनी विचारले.

"ज्युनिअर केजीची."

मिश्रणाच्या व्यापक हितासाठी सोमीला प्रवेश देऊ नये, असा ठराव एकमताने मंजूर झाला. दुसऱ्या दिवसापासून ती चौदाव्या मजल्यावर भांडी घासू लागली.

तुम्ही त्या सभेला नव्हतात, हे मान्य. पण सोसायटीच्या उपविधींनुसार गैरहजर सभासदांची संमती गृहीत धरलेली आहे.