बेकार जागेचे आप्पा

रिकामा प्लॉट पाहून कुणाला घर सुचतं, कुणाला क्रिकेट. आमच्या आप्पांना दया यायची. तापीकाठच्या शहरात, पर्वत पाटिया भागात, आमच्या चाळीशेजारी असा एक प्लॉट होता: बाभळी, चिखल आणि कुणाच्या तरी म्हशी. त्याच्यासमोर उभे राहून आप्पा असे चुकचुकत, की जणू एखाद्याचा पदवीधर मुलगा घरी बसून आहे. मला, शाळामास्तराला, म्हणत, "गुरुजी, जागाले काम जोयजे." जागेला काम पाहिजे. बेकार माणसाची चौकशी तरी होते, बेकार जागेला कुणी विचारत नाही, हे त्यांचं दुःख.

आप्पा अमळनेरकडचे. जुन्या शहरात एका पडक्या हवेलीच्या तळमजल्यावर रात्रपाळीला लूम चालवत. जन्म लूमच्या खडखडाटात गेल्याने खासगी गोष्टही सभेत सांगावी तशी सांगत. त्यांच्या पत्नी मथुराताई दिवसा साडी मार्केटात घड्या घालायला जात. खोलीत गावाकडचे भाचे-पुतणे पाळीपाळीनं झोपलेले. सकाळी आप्पा येत, ताई निघत. उंबऱ्यावर किल्ली या हातातून त्या हातात जाई आणि संसार पुढे चाले.

नव्वदीचे दिवस होते. शहराचा नवा विकास आराखडा निघाला आणि लोकांकडून सूचना मागवल्या गेल्या. सरकार असं बरंच काही मागवतं. आप्पांनी मात्र ते मनावर घेतलं. मी शाळेतून खडू आणायचा आणि त्यांनी पाळीला निघण्यापूर्वी अंगणात अख्खा प्लॉट काढायचा, असा क्रम पडला.

"आठे लूम. लूमना बाजूले घड्यांची खोली. तठे चहाची लारी." इथे लूम, तिथे चहाची हातगाडी, असं आप्पा खडूनं दाखवत.

"आप्पा, तुमच्या कारखान्यातून पाण्याला जाऊ का?" घागर घेतलेल्या शेजारणी विचारत.

"जा बाई. पण मालाच्या दारातून नको, टेम्पो लागेल."

इथे बाग करा, असं कुणीतरी सुचवलं. आप्पा दुखावले. "बाग म्हणजे जागाले पेन्शन. तरणी शे ती अजून."

दर नकाशात एका कोपऱ्यात ते एक चिमुकला चौकोन काढत आणि तो कोराच ठेवत. विचारलं तर म्हणत, "ऱ्हाऊ द्या." मला वाटे संडास असावा. शेजारणींना वाटे देऊळ.

एवढ्या घाईचं कारण होतं. जुन्या शहरातले लूम इच्छापोरला, म्हणजे शहराच्या थेट दुसऱ्या टोकाला, हलवायचं चाललं होतं. आप्पांच्या शेठनं तिथे शेडही पाहून ठेवली होती. हा प्लॉट कारखान्यांसाठी ठरला, तर शेठ इथे यायला राजी होता.

सुनावणीला आप्पा इस्त्रीचा सदरा घालून, मला ओढत घेऊन गेले. मंचावर हार, समई आणि तीन साहेब. मधल्या साहेबांनी शहराच्या वैभवशाली इतिहासावर भाषण केलं. तापीत परदेशी जहाजं शिरली ती बराच वेळ बाहेर निघेनात. आप्पा उभे राहिले.

"साहेब, ती जहाजं भरणारी माणसं झोपायची कुठं?"

सभागृह हसलं. साहेबही हसले आणि म्हणाले, बोला काका. मग आप्पा जे सुटले! लूम, घड्या, टेम्पो, लारी, सगळं हातवाऱ्यांनी मंचासमोर उभं केलं. मागची माणसं पाहायला बाकांवर चढली. मीही चढलो. क्षणभर वाटलं, प्लॉटला नोकरी लागली.

साहेब म्हणाले, "बधा कहे छे कारखाना दूर लई जाव. सगळे म्हणतात दूर न्या, तुम्ही एकटेच घराजवळ मागताय. काका, आमां तमारो शुं फायदो? यात तुमचा काय फायदा?"

एरवी खासगी गोष्टही सभेत सांगणारे आप्पा कानाच्या पाळ्या लाल करून खाली बसले.

आराखडा छापून आला. प्लॉटवर बाग. शेठ इच्छापोरला गेला आणि त्याच्याबरोबर आप्पाही. आता ते परत येईपर्यंत ताई निघून गेलेल्या असत. किल्ली शेजारी ठेवली जाऊ लागली. अंगणात खडू दिसेना. आप्पा हळू बोलू लागले, ते आम्हाला फार ऐकू येई.

बागेचं नेहमीसारखंच झालं. पाटी लागली, बाग यायची राहिली. एके सकाळी शाळेला निघालो, तर बाभळींपलीकडे कोपऱ्यात एक फरशी टाकलेली दिसली. बरोब्बर त्या कोऱ्या चौकोनाच्या जागी. तिच्यावर आप्पा आणि मथुराताई. एकाच्या हातात कप, दुसऱ्याच्या हातात बशी. ताईंनी मार्केटात भांडून आपली वेळ पुढे ढकलून घेतली होती, हे नंतर कळलं.

मला पाहून ताईंनी पदर सारखा केला. आप्पा गडबडले, बशी सांडली. मग फरशीवर हात फिरवत, फक्त मलाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले,

"गुरुजी, जागाले काम भेटनं."