बाकावरचे छपाईकाका

आमच्याकडे परीक्षणासाठी येणारे पॅच सकाळच्या एस.टी.ने येतात आणि विट्याच्या स्टँडवर उतरून चालत ऑफिसला पोचतात. एखादा रिक्षा करून आला, तर त्याच्याकडे आम्ही जरा जास्त बारकाईने बघतो. तो घाईत लिहिलेला असू शकतो.

ऑफिस यंत्रमागांच्या शेडवर आहे. खाली माग सुरू असले की वर टेबलं थरथरतात आणि चहाच्या कपात गोल गोल रेघा उमटतात. इथे आम्ही 'अबोली' ही संगणकप्रणाली सांभाळतो. प्रणाली म्हणजे संगणक सुरू केल्यावर त्याला काय करायचं ते सांगणारं मूळ लिखाण. अबोली फुकट आहे आणि उघडी आहे. ती आत कशी लिहिली आहे ते कोणीही बघावं, काही चुकलेलं दिसलं तर दुरुस्ती लिहावी आणि आमच्याकडे धाडावी. त्या दुरुस्तीला पॅच म्हणतात. दुरुस्ती लिहिणारा आपल्या घरी राहतो. पॅच येतो.

लहान पॅच हातात पिशवी घेऊन येतात. मोठा आला तर त्याला दारातूनच परत पाठवून तुकड्यांत यायला सांगावं लागतं. मग पुढच्या आठवड्यात सहा-सात भाऊ एकामागे एक जिना चढतात, आणि थोरल्याला आत घेतल्याशिवाय धाकट्याला घेता येत नाही. पडद्याचे रंग बदलणारे पॅच अत्तर लावून येतात. त्यांच्याविषयी सगळ्यांचंच काही ना काही मत असतं, त्यामुळे त्यांचा मुक्काम लांबतो.

नियम साधे आहेत. दोन परीक्षकांनी 'ठीक' म्हणायचं. मग ओहोळ मॅडम आतल्या खोलीची कडी काढतात, पॅच आत जातो आणि अबोलीचा होऊन जातो. तो परत बाहेर येत नाही. नवी आवृत्ती निघाली की जिथे जिथे अबोली आहे तिथे तिथे तो असतो. परीक्षणात सूचना निघाली आणि पॅचने स्वतःत बदल केला, तर आधी मिळालेला 'ठीक' रद्द होतो आणि तो नव्याने मिळवावा लागतो. आपण ज्या पॅचला हात लावला त्याला आपणच 'ठीक' म्हणायचं नाही.

परीक्षक दोघं, मी आणि दस्तगीर मुलाणी. आमच्यापैकी कोणी रजेवर असेल किंवा अडकलेलं असेल तर मॅडम स्वतः बघतात. मॅडम टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या आहेत आणि अजूनही कोणाचं बोलणं मध्येच तोडत नाहीत.

छपाईकाका आले तेव्हा त्यांचं पूर्ण नाव 'छपाई थांबवा म्हटल्यावर छपाई थांबणे' असं होतं. काम नावातच होतं. अबोलीत छपाईच्या चौकटीत 'थांबवा' असं बटण आहे. ते दाबलं तरी प्रिंटर थांबत नसे, हातातलं सगळं छापूनच गप्प बसे. काका ते थांबवणार होते. अंगात स्वच्छ पांढरा सदरा, पायजमा, बोलणं मोजकं. मी त्यांना पहिल्याच आठवड्यात 'ठीक' म्हटलं.

दस्तगीरभाईंनी एक सूचना केली. बरोबर सूचना होती. काकांनी ती पाळली आणि माझा 'ठीक' रद्द झाला. मी पुन्हा दिला. तोवर दस्तगीरभाईंना दुसरी सूचना सुचली होती.

असं चालत राहिलं आणि काका बाकावर राहिले. रिकामे बसून करायचं काय, म्हणून ते चहा करू लागले. मग माझ्या डब्यासाठी आणलेली मेथी निवडून देऊ लागले. नवीन आलेले पॅच घाबरलेले असत, त्यांना पाणी देऊन सांगत, "बस बाळा. दस्तगीरभाई चिडत नाहीत, फक्त चष्मा काढतात. चष्मा काढला की पहिली ओळ परत वाचून दाखवायची." दुपारी दस्तगीरभाई आणि काका भाकरी एकत्र खात आणि प्रिंटर या वस्तूविषयी वाईटसाईट बोलत. दस्तगीरभाईंच्या घरी बोलायला कोणी उरलेलं नाही, मुली सासरी आहेत. हे आम्हाला माहीत होतं. त्यांच्या सूचना मात्र प्रत्येक वेळी बरोबर असायच्या, त्यामुळे बोलता येत नसे.

अडचण कपड्यांची होती. पॅचचा कपडा त्याला अबोलीच्या ज्या ओळींत बसायचं असतं त्या ओळींच्या मापाने शिवलेला असतो. मध्ये दुसरा कोणी आत गेला की ओळी खाली सरकतात, आणि बाकावर वाट बघणाऱ्यांना पायजम्याची शिवण उसवून पुन्हा घालावी लागते. एक-दोनदा कोणालाच काही वाटत नाही. काकांनी इतक्या वेळा उसवून शिवलं होतं की खालच्या पट्टीत सुताला सूत धरत नव्हतं. एकदा मला त्यांनी ती उजेडात धरून दाखवली. पलीकडची खिडकी दिसत होती.

"रंजनाताई, अजून एकदा सुई सोसली तर सोसेल," ते म्हणाले. "त्यानंतर नाही."

"मग काय करायचं?"

"मग कालबाह्य म्हणून परतीची गाडी. लिहिणाऱ्याने तर आता दुसरा धंदा धरलाय. जाऊन उतरू कुठे?"

त्याच आठवड्यात तो तरुण पॅच आला. शर्ट खोचलेला, पिशवीही नाही. नाव विचारलं तर म्हणाला, "'छपाईतले निरुपयोगी बटण काढणे'."

"कुठलं बटण?" मी विचारलं.

"थांबवा."

काका मोरीत कप विसळत होते. पाण्याचा आवाज बंद झाला.

त्याला दोष देता येत नव्हता. तो फारच नीटनेटका होता. एकही ओळ नवीन घालत नव्हता, नुसत्या काढत होता, आणि काढणारा पॅच आला की परीक्षकाचा जीव हलका होतो. जे नाही ते मोडत नाही. मी काकांच्या बाजूची आहे हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे त्याचं परीक्षण मॅडमनी घेतलं आणि संध्याकाळच्या आत 'ठीक' दिला. दुसरा 'ठीक' दस्तगीरभाईंकडे होता. नव्या आवृत्तीत पॅच घेणं शनिवारी बंद होणार होतं. दोघंही त्याच ओळींवर बसणार होते, तेव्हा एकच आत जाऊ शकत होता. बटणच राहिलं नाही तर काकांना थांबवायला काही उरत नव्हतं.

शनिवारी सकाळी मॅडमनी दोघांना समोरासमोर बसवलं.

"आधी पाहुणे बोलतील," मॅडम म्हणाल्या.

तरुण पॅच उभा राहिला. "माझं म्हणणं एवढंच आहे की हे बटण दाबल्याने कधीच काही झालेलं नाही. जे काही करत नाही ते ठेवायचं कशाला?"

"खाली बसून बोल की," दस्तगीरभाई म्हणाले. "शाळा आहे का?"

तो बसला. मॅडमनी काकांकडे पाहिलं.

"त्याचं खरं आहे," काका म्हणाले. "काही होत नाही. पण लोक दाबतात."

"दाबून काय मिळतं त्यांना?" तरुण पॅचने विचारलं.

"काही नाही. तरी दाबतात. आधी एकदा दाबतात, मग चार-पाचदा दाबतात, मग प्रिंटरला हाताने धरून ठेवतात. तू असा माणूस बघितलास का कधी?"

"मी परवाच लिहिला गेलोय."

"हां. तर तो माणूस काही मूर्ख नसतो. तिथे 'थांबवा' लिहिलंय म्हणून त्याने विश्वास ठेवलेला असतो. आता बटण काढलंस की तो कोणावर चिडणार नाही, हे बरोबर. पण त्याला थांबवायचं असेल ते असेलच ना?"

खाली मागांची पाळी बदलत होती, त्यामुळे थोडा वेळ टेबल थरथरायचं थांबलं. दस्तगीरभाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"काका," ते म्हणाले, "तिसऱ्या ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा जास्त आहे."

"ती तुम्हीच मागे घालायला लावलीत, भाई."

"मीच?"

"दिवाळीच्या सुमाराला. त्याच्या आधी काढायला लावली होती."

मॅडमनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्या हसत होत्या असं मला वाटतं. दस्तगीरभाई हसले नाहीत.

"तुम्ही आत गेलात की दुपारी मी डबा कुणाबरोबर उघडू?" त्यांनी विचारलं. परीक्षणात विचारायचा हा प्रश्न नव्हे, पण मॅडमनी तो घेतला.

"आत गेलो तरी मी कामावरच असणार ना," काका म्हणाले. "इथे मी बाकावर आहे. चहा बरा करतो, पण मी चहासाठी लिहिलेलो नाही."

दस्तगीरभाई मॅडमना म्हणाले, "मॅडम, बटण वापरात आहे. लोक दाबतात म्हणजे वापरात आहे. पोराचा पॅच मी घेत नाही."

"मग मीही माझा 'ठीक' मागे घेते," मॅडम म्हणाल्या. "कारण, बटण वापरात आहे. पाहुणे, तुमची हरकत?"

"नाही," तरुण पॅच म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता, पण पोरगा सरळ होता. "मला वापर म्हणजे काय ते वेगळं वाटलं होतं."

आता दस्तगीरभाईंनी 'ठीक' म्हणायचं तेवढं राहिलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात आतल्या खोलीतून धपाधपा आवाज आला. सकाळी आत सोडलेले, अक्षरांची वळणं बदलणारे फाँटवाले सहा भाऊ जागेवर बसत होते. ओळी सरकल्या. काकांनी पायाकडे पाहिलं. पायजमा चार बोटं आखूड झाला होता.

काकांनी सुईदोरा काढला, पट्टी उसवली आणि पहिला टाका घातला. कापड टर्रकन फाटलं. दुसरीकडे घातला, तिथेही फाटलं.

माझा हात पुढे गेला होता. मॅडम म्हणाल्या, "रंजनाताई, तुम्ही शिवलंत तर तुमचा 'ठीक' चालणार नाही." दस्तगीरभाईंनीही पुढे केलेला हात खिशात घातला. मॅडमना तर कडी काढायची होती, त्यांनाही हात लावून चालत नव्हतं. आम्ही तिघं उभे, आणि काका फाटका पायजमा धरून बाकावर.

तरुण पॅचने खोचलेला शर्ट बाहेर काढला. "मी परीक्षक नाही," तो म्हणाला. "आणि मला परतच जायचंय." शर्टाची खालची पट्टी त्याने सफाईने फाडून काढली. काढायचं काम त्याला चांगलं येत होतं. शिवायचं मात्र त्याने कधी केलं नव्हतं. काकांनी ती पट्टी पायजम्याला लावून पाय धरून ठेवला आणि तो जीभ बाहेर काढून टाके घालत गेला.

"सुई अशी धरतात का रे?" दस्तगीरभाई म्हणाले.

"मग कशी?"

"मी सांगितलं तर माझा 'ठीक' जाईल. घाल तसाच."

झाल्यावर काका उभे राहिले. बदल झाला होता, म्हणून मी वाचून पुन्हा 'ठीक' म्हटलं. मग दस्तगीरभाईंनी वाचलं. त्यांनी सगळं वाचलं, खाली वाकून पट्टीही बघितली. शिवण वाकडी होती. डाव्या पायाला तर सरळ सरळ वर चढत गेली होती. मला दिसली, मॅडमना दिसली. इतकी उघड सूचना त्यांना इतक्या दिवसांत मिळाली नव्हती. त्यांनी चष्म्याला हात लावला.

चष्मा काढला नाही.

"ठीक," ते म्हणाले.

मॅडमनी कडी काढली. काका आम्हाला नमस्कार करून आत गेले. दार लागल्यावर खाली माग सुरू झाले आणि कप थरथरू लागले. तरुण पॅचला दस्तगीरभाई स्वतः स्टँडपर्यंत पोचवायला गेले. वाटेत त्याला त्यांनी उसाचा रस पाजला आणि नवीन काम घेऊन ये, असं तीनदा सांगितलं, असं नंतर रसवाल्याकडून कळलं.

नवी आवृत्ती निघाली. त्यानंतर पंधरवड्याने मी माझ्या भाचीच्या बारशाच्या पत्रिका छापायला शिकलगारांच्या दुकानात गेले. शिकलगारांकडे अबोलीच आहे. पहिलीच पत्रिका अर्धी बाहेर आली आणि माझ्या लक्षात आलं की वार चुकलाय.

"थांबवा हो," मी म्हणाले.

शिकलगारांनी बटण दाबलं. प्रिंटर ओळीच्या मध्यावर थांबला.

"हल्ली थांबतो," शिकलगार म्हणाले. "तुमचे ते मुलाणी रोज जेवणाच्या सुट्टीत येतात. डबा इथेच आणतात. एक पान छापायला देतात आणि थांबवा म्हणतात. म्हटलं, मुलाणी, छापायचंय की थांबवायचंय? तर म्हणे, आधी जेवू द्या."

मी प्रिंटरजवळ वाकले. "बरे आहात का?"

"बरा आहे, ताई," आतून काका म्हणाले. "काम भरपूर आहे. वार दुरुस्त केलात का?"

"केला."

"मग पुन्हा सुरू करू?"

मला अजून विचारायचं होतं, पण मागे दोघं जण कागद घेऊन उभे होते.

"करा," मी म्हणाले.