शून्य, एक, सहा

आमच्या सुदामा नगरातले दिघेकाका माणसांची ओळख लसींवरून करून देतात. "तो किराणेवाला फ्लू आहे, भिया. दर साली नवा चेहरा, दर साली नवी लस." स्वतःचा जावई धनुर्वाताचा: "दस साल ठीक चालतो, मग बूस्टर लागतो." काकांनी सरकारी दवाखान्यात जन्मभर लसी टोचल्या. निवृत्त झाले तरी नमस्कार करताना नजर समोरच्याच्या दंडावरच जाते.

कारण विचारलं, की त्यांचं सांगणं संपेपर्यंत चहा गार होतो. "गोवराच्या लसीत जंतू जिंदा असतो, फक्त कमजोर केलेला. शरीराला खरंच लढावं लागतं. मग ते विसरत नाही. धनुर्वातात नुसतं विष, तेही बेअसर केलेलं. शरीर बघतं, हळूहळू विसरतं. मग जाऊन याद द्यावी लागते."

माझी बायको मीना गेली, त्या दिवशी काका आले. तासभर बसले आणि जाताना माझा दंड दाबला. महिन्याने पुन्हा आले. तोवर बाकीच्यांचं येणं थांबलं होतं. खिशातून माझ्या नावाचं लसीचं कार्ड काढलं. शून्यापुढे आधीच खूण होती; त्यांनी एकापुढे दुसरी केली.

मी चिडलो. "काका, हे काय?"

"सांत्वन मरी हुई लस आहे, बेटा. एका डोसात टिकत नाही. शून्य, एक, सहा महिने. लोक तेराव्याला येतात आणि कोर्स पूरा समजतात."

सहाव्या महिन्यात ठरल्या दिवशी आले, खजरान्याच्या गणपतीचा लाडू घेऊन. तिसरी खूण झाली.

"आता दुःख जाईल?" मी विचारलं.

"ते कसं जाईल? ते जिंदावालं. पण तू टिकशील."

कार्ड खिशात ठेवताना त्याच्यामागचं दुसरं कार्ड खाली पडलं. त्यावर काकांचंच नाव होतं आणि तारीख काकू गेल्या त्या दिवसाची. दोन वर्षं झाली त्याला. शून्यापुढे खूण, पुढचे दोन्ही रकाने कोरे. तेराव्याला मीही जेवून आलो होतो. नंतर गेलो नाही. चार घरं सोडून तर राहतात.

मी कार्ड उचलून दिलं. मग विचारलं, "कोर्स मध्येच राहिला, तर पहिल्यापासून करावा लागतो का हो?"

"छे! राहिलेला डोस द्यायचा, बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांची कडी वाजवली. काका दारात घाबरेघुबरे. "काय झालं? कोण बिमार?"

"कोणी नाही. एका महिन्याचा डोस राहिलाय."

काकांनी सदऱ्याची डावी बाही वर केली.