फेकू नये

अंधेरीच्या आमच्या प्रयोगशाळेत फ्रीजमधल्या निम्म्या बाटल्यांवर एकच चिठ्ठी असते : ‘फेकू नये. – वर्तक.’ वर्तक म्हणजे आमचे सगळ्यात जुने तंत्रज्ञ. संपलेली पेनंसुद्धा ते जपून ठेवतात. एकदा कोणीतरी गमतीने कचऱ्याच्या डब्यावरच तशी चिठ्ठी लावली. वर्तकांनी ती काढली नाही. काढून फेकणार कशी?

दुपारी डबे उघडले की ते सगळ्यांना घरचं दही वाढतात. स्वतः खात नाहीत, शिंका येतात म्हणे. इतकं सुरेख दही आमच्या जोगेश्वरीत एकाही डेअरीत मिळत नाही.

आमचं काम सांगितलं की लोक हसतात. मधमाश्या राणीला जी रॉयल जेली भरवतात, तिच्यातलं एक प्रथिन आम्ही संशोधनासाठी जिवाणूंकडून बनवून घेतो. जिवाणू बनवतातही, पण घाईघाईत, आणि मग त्याच्या निरुपयोगी गुठळ्या होतात. जिवाणू फोडून यंत्रात गरगरा फिरवले की या गुठळ्या तळाशी, साक्यात जाऊन बसतात. दहा महिने आम्ही वरचं पाणी ओतून देत होतो आणि साका तपासून कपाळाला हात लावत होतो. शेवटी आमच्या प्रमुख बाईंनी सांगितलं, आता एकदाच करून बघा, नाही जमलं तर हे काम बंद.

वर्तक म्हणाले, “या वेळी त्यांना गारव्यात ठेवू या. सावकाश करतील बिचारे.”

तसं केलं. आणि मी सवयीने वरचं पाणी ओतून दिलं. साक्यात काहीच सापडलं नाही, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रथिन या वेळी पाण्यात विरघळलेलं असणार, आणि पाणी तर मी घालवून बसले होते. मला रडूच यायला लागलं.

वर्तकांनी फ्रीजमधून एक इवलीशी नळी काढली. “तू ओतायच्या आधी जरा बाजूला काढलं होतं गं. मला फेकवत नाही ना, काय करू?”

त्या चमचाभर पाण्यात प्रथिन होतं, चांगलं भरपूर. काम वाचलं. वर्तकांनी त्या जिवाणूंचे न फोडलेले नमुने दोन वेगळ्या फ्रीजरमध्ये ठेवले. एक बंद पडला तर दुसरा हवा, हा त्यांचा जुना नियम.

पेढे द्यायला मी कांदिवलीला त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, राहणारा माणूस एकच. पाण्याची बाटली घ्यायला फ्रीज उघडला, तर एका वाटीवर तीच चिठ्ठी. मी हसून विचारलं, सर, इथे कोण फेकणार आहे?

“ही गेली तेव्हा नातेवाइकांनी फ्रीज रिकामा करायला घेतला,” वर्तक म्हणाले. “आत तिने लावलेलं दही होतं. एवढं चमचाभर वाचवलं मी. चार वर्षं रोज त्याचंच विरजण लावतो.”

खाणारं घरात कोणी नव्हतं, म्हणून ते दही आमच्या ताटात येत होतं.

निघताना त्यांनी एका डबीत थोडं दही घालून दिलं. “तुझ्याकडे पण असू दे. माझा फ्रीज जुना झालाय.”

घरी येऊन मी डबी फिरवून फिरवून पाहिली. तिच्यावर चिठ्ठी नव्हती. मी दूध कोमट करायला ठेवलं.