उभ्या गाडीचं टेंपरेचर

शंतनु परचुरेने गाडीच्या डॅशबोर्डवर तो डिस्प्ले चिकटवेपर्यंत त्याच्या संसारात सगळं आलबेल होतं. पुण्याहून येऊन बंगळुरूत त्याचा जम बसला होता. बनशंकरीत फ्लॅट होता, फ्लॅटखाली एक जुनी, गरीब स्वभावाची गाडी होती आणि बायको सिद्धी इथल्याच, बसवनगुडीतल्या जुन्या मराठी घराण्यातली होती. एवढ्यावर समाधान मानायला हरकत नव्हती. पण शंतनु ऑफिसात दिवसभर परक्या कंपन्यांच्या सर्व्हरचे आलेख बघत बसायचा, आणि ज्याचा आलेख निघत नाही त्या वस्तूवर त्याचा विश्वास बसत नसे.

डिस्प्ले बशीएवढा गोल होता. त्याची वायर स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचली की इंजिनाचं तापमान, फेरे, वेग, बॅटरीचे व्होल्ट असं सगळं निळ्या आकड्यांत नाचायला लागायचं.

"टेंपरेचरचा काटा गाडीत आधीच आहे ना रे?" सिद्धीने विचारलं.

"तो नुसता अंदाज देतो. हा एक्झॅक्ट फिगर देतो."

"आणि एक्झॅक्ट फिगर कळल्यावर आपण काय करायचं?"

"मॉनिटर करायचं."

"म्हणजे बघत बसायचं."

"तुला नाही कळणार ते."

सिद्धीला खरंच कळलं नाही, कारण गाडी चालवताना ती रस्त्याकडे बघत असे.

इथवरही ठीक होतं. पण डिस्प्लेत सिमकार्ड होतं आणि सगळे आकडे मोबाइलवरही दिसत. ऑफिसात कुणी असला काही तक्ता बनवला की चार जणांना तो बघायची परवानगी द्यायची आणि शाबासकी मिळवायची, ही या जमातीची रीतच आहे. घरात शाबासकी देणारं कुणी सापडेना, म्हणून शंतनुने ॲपचा पासवर्ड सासऱ्यांना दिला.

सासरे जयसिंगराव एका सरकारी कारखान्याच्या तपासणी खात्यातून निवृत्त झाले होते. कारखाना सुटला तरी तपासणी सुटली नव्हती. घरात ते इडल्यांची गोलाई तपासत आणि सासूबाई भाग्यलक्ष्मी ते निमूटपणे सोसत. ॲप आलं त्या दिवसापासून इडल्या सुटल्या आणि जावई सापडला.

"शंतनुराव, वेग चाळीस आणि फेरे तीन हजार? चौथा गिअर टाका की हो!"

"अप्पा, मी ड्राइव्ह करतोय."

"दिसतंय मला. त्र्याण्णव झालंय. स्वल्प दम खाऊ द्या तिला."

हे एक वेळ चाललं असतं. खरी पंचाईत वेगळीच होती. बंगळुरूत माणसाला उशीर झाला की तो एकच वाक्य बोलतो: ट्रॅफिकमध्ये अडकलोय. आंघोळीला जाता जाता बोलतो आणि वाट बघणाराही पलंगावरून सांगतो, मीही तिथेच आहे. या एका वाक्यावर लाखो लोकांची मैत्री, नोकरी आणि लग्नं टिकून आहेत. शंतनुचा तर सगळा संसार त्याच्यावर चालला होता, आणि आता ते वाक्य सासऱ्यांच्या तपासणी खात्यात अडकलं.

"निघालोच अप्पा, सिग्नलला आहे."

"इंजिन एकोणतीस डिग्री आहे. एकोणतीस म्हणजे पार्किंग. चपला तरी घातल्यात का?"

शंतनु महिनाभर वेळेवर पोचत राहिला आणि त्याची तब्येत खालावली. मग एकदा तो खऱ्याखुऱ्या जाममध्ये अडकला. समोर टेम्पो, मागे बस, आणि डिस्प्लेवर वेग शून्य, फेरे आठशे, तापमान शहाण्णव. घरी आल्यावर त्याने गाडी पार्किंगमध्ये लावली, पण इंजिन बंद केलं नाही. वेग शून्य, फेरे आठशे, तापमान शहाण्णव! बंगळुरूच्या रस्त्यावरची गाडी आणि पार्किंगमधली गाडी यांच्यात यंत्राला काडीचाही फरक दिसत नव्हता. नकाशा दाखवणारं महागडं मॉडेल न घेण्याच्या आपल्या चिक्कूपणाला त्याने मनोमन नमस्कार केला.

रविवारी या शोधाची परीक्षा होती. बसवनगुडीत मराठी मंडळाने ज्येष्ठांचा सत्कार ठेवला होता आणि सत्काराआधी जयसिंगरावांचं भाषण होतं: 'आपले पूर्वज आणि आपण.' शंतनुने ते दोन वेळा ऐकलं होतं. त्यात पूर्वज फार होते आणि आपण अगदी शेवटी येत होतो. नेमकी त्याच सकाळी ऑस्ट्रेलियात क्रिकेटची फायनल चालू होती. सिद्धी तयारीसाठी आधीच हॉलवर गेली होती. सत्काराच्या शाली गाडीच्या डिकीत होत्या आणि त्या वेळेवर आणण्याचं काम जावयाकडे होतं. त्याने हिशेब केला, भाषण संपता संपता पोचायचं, शाली द्यायच्या, टाळ्या वाजवायच्या आणि जेवायला बसायचं.

त्याने खाली जाऊन गाडी चालू केली, किल्ली तशीच ठेवली, वॉचमनला "बॅटरी चार्ज हो रही है, ध्यान रखना" असं सांगितलं आणि वर येऊन सोफ्यावर पाय पसरले.

थोड्या वेळाने फोन आला.

"शंतनुराव, कुठवर?"

"अप्पा, भयंकर ट्रॅफिक! हलतच नाहीये." टीव्हीचा आवाज त्याने आधीच बंद केला होता.

"दिसतंय मला. शून्य आहे. अय्यो पाप! काळजी करू नका, तुमच्याशिवाय मी भाषण सुरू करत नाही."

शंतनु ताडकन उठून बसला. "नको, नको! तुम्ही सुरू करा ना!"

"छे हो, घरचाच माणूस नाही तर बोलू कुणापुढे? सगळे थांबलेत. प्रोजेक्टर होताच, म्हणून तुमचा डिस्प्ले पडद्यावर लावलाय. मंडळी बघतायत."

एका हॉलभर म्हातारी माणसं उपाशीपोटी त्याच्या इंजिनाकडे टक लावून बसली होती. तेव्हाच उठून निघाला असता तर सगळं निभावलं असतं, पण मोजक्या ओव्हर उरल्या होत्या आणि आपली जोडी जमली होती. एवढी ओव्हर झाली की निघू, असं त्याने ठरवलं. मग पुढची ओव्हर त्याहून रंगली.

पुन्हा फोन वाजला. या वेळी मागून टाळ्यांचा कडकडाट ऐकू येत होता.

"सुटलात! शाब्बास! बारा... अठरा... तीस! शंतनुराव, सुटलात तुम्ही!"

शंतनु सोफ्यावर होता. हातात चिवड्याची वाटी होती. तो बाल्कनीकडे धावला. खाली त्याच्या जागेवर तेलाचे दोन डाग होते आणि गाडी नव्हती.

"हॅलो? ऐकताय ना?"

"हो... हो अप्पा. सुटलो एकदाचा."

"आज गाडी काय सुरेख चालवताय हो! फेरे दोन हजाराच्या वर जात नाहीत. एवढी सुधारणा कधी झाली?"

आपली गाडी चोराच्या हातात आपल्यापेक्षा बरी चालते हे ऐकूनही शंतनुला "थँक्यू अप्पा" म्हणावं लागलं. फोन ठेवून त्याने पोलिसांचा नंबर लावायला घेतला आणि अर्ध्यावर थांबला. गाडी कुठून चोरीला गेली म्हणून सांगायचं? पार्किंगमधून म्हणावं तर सासरा, सासू आणि सगळं मंडळ विचारणार की तास होत आला, तुम्ही जाममध्ये कसे होता? रस्त्यातून म्हणावं तर तो स्वतःच आत बसलेला होता. गाडी वाचवावी तर अब्रू जात होती, अब्रू वाचवावी तर शालींसकट गाडी जात होती. तो जिने उतरत खाली धावला.

"अरे, गाडी कौन ले गया?"

"मॅडम ले गईं, साब," वॉचमन म्हणाला. "बोलीं, साब को डिस्टर्ब मत करना."

शंतनु पायरीवरच बसला. चोर असता तर बरं झालं असतं असं त्याला मनापासून वाटलं. चोराबरोबर पुढची तीस वर्षं जेवायला बसावं लागत नाही. पंधरा मिनिटं तो तिथेच बसून होता, मग सिद्धीचा फोन आला.

"कुठे आहेस?"

"ट्रॅफिकम..." सवयीने तोंडातून गेलंच.

"हो का? मी हॉलच्या दारात आहे. मेट्रोने आले, गाडी घेतली, परत आले. रस्त्यात एक कुत्रंसुद्धा आडवं आलं नाही. शाली घेऊन आत चाललेय."

"सिद्धी, प्लीज! सगळ्यांसमोर नको गं!"

"नाही सांगत. अप्पांची मान खाली जाईल. मी सांगणार आहे की जाममध्ये गाडी अडकली म्हणून तू खाली उतरलास, चौकात उभा राहून ट्रॅफिक सोडवलंस आणि गाडी माझ्या ताब्यात देऊन आता चालत येतोयस."

शंतनुच्या डोळ्यांत पाणी आलं. अशी बायको मिळायला भाग्य लागतं. "थँक्यू गं! मी लगेच रिक्षा..."

"चालत म्हणाले मी. आणि शर्ट घामाने भिजल्याशिवाय आत पाऊल टाकू नकोस. तुझी हीरोगिरी माइकवरून सांगितली जाणार आहे."

मग शंतनु परचुरे ऐन उन्हात बनशंकरीहून बसवनगुडीला चालत निघाला. त्या दिवशीसारखा मोकळा रस्ता त्याने बंगळुरूत कधी पाहिला नव्हता. सिग्नल एकामागून एक हिरवे होत होते आणि जिच्यासाठी हिरवं व्हावं अशी गाडीच नव्हती. रिकाम्या रिक्षा त्याच्या बाजूने हळू होत. "बरतीरा, सार?" येणार का, असं विचारत आणि तो नको म्हणाला की ड्रायव्हर त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून पुढे जात. मॅच कोण जिंकलं, हे बघायचंही त्याला सुचलं नाही.

तो हॉलच्या दारात पोचला तेव्हा लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. सत्कार उरकले होते, केळीची पानंही उचलून झाली होती, तरी सगळे त्याच्यासाठी थांबले होते. जयसिंगरावांनी उरलेली एक लोकरी शाल त्याच्या भिजल्या खांद्यांवर घातली. पहिल्या रांगेतल्या आजीबाई तर हसून हसून डोळे पुसत होत्या. ही माणसं आपल्याला किती जीव लावतात या विचाराने शंतनुला भरून आलं आणि आपण यांच्याशी खोटं बोललो याची त्याला अगदी खरी लाज वाटली.

जयसिंगराव त्याच्या कानाशी आले.

"शंतनुराव, तासभर वेग शून्य?"

"अप्पा, जामच इतका होता..."

"आमच्या बंगळुरूच्या जाममध्ये गाडी कधी शून्यावर बसत नाही हो. शून्य, दोन, शून्य, तीन. पुढच्याने वीतभर जागा सोडली की मागचा घुसतोच. जन्म गेला इथे. तासभर सलग शून्य म्हणजे गाडीत माणूस नाही. हे पहिल्यांदा तुमच्या सासूबाई बोलल्या."

"सासूबाईंना... कळलं?"

"पडदा केवढा मोठा आहे तो! हॉलमध्ये कुणाला कळायचं राहिलं नाही. तेव्हाच तर सिद्धीला पाठवलं. नाही तर ह्या मंडळींच्या अंगावर शाली कधी पडल्या असत्या?"

"मग... ह्या टाळ्या?"

"एवढ्या उन्हात चालत आलात ना. त्याच्या."

शंतनुने मागे वळून बघितलं. शाली सावरत, एकमेकांना हाताचा आधार देत सगळे ज्येष्ठ उठत होते. जाता जाता प्रत्येक जण त्याच्याकडे बघून प्रेमाने मान हलवत होता. भाग्यलक्ष्मींनी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, "सावकाश ऐका हं," म्हणाल्या आणि सिद्धीचा हात धरून त्याही बाहेर पडल्या.

"त्यांना घरी जाऊ द्या," जयसिंगराव म्हणाले. "त्यांचं ऐकून झालंय. आजचं भाषण तुमच्यासाठी राखून ठेवलंय मी. बसा."

शंतनु बसला. जयसिंगराव सावकाश स्टेजवर चढले, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, माइक जवळ ओढला आणि रिकाम्या खुर्च्यांच्या त्या हॉलला हात जोडून म्हणाले, "बंधू आणि भगिनींनो."