आल्या-गेल्याची वही

गार्डआप्पांच्या घरी चहाला गेलं की आधी आपली नोंद होते, मग चहा मिळतो. दाराशेजारी खिळ्याला दोरीनं बांधलेली एक वही लटकलेली असते. तिच्यात दोन रकाने आहेत, ‘आले’ आणि ‘गेले’. आपण चप्पल काढेपर्यंत आप्पा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात, चष्मा नाकावर सरकवतात आणि लिहितात, ‘४.१८. बाई आल्या.’ बाई म्हणजे मी. आपण उठलो की पुन्हा चष्मा, पुन्हा घड्याळ. एकदा मी निघता निघता दारात त्यांच्या सोनटक्क्याचं कौतुक करत जरा रेंगाळले, तर वहीत शेरा पडला, ‘प्रस्थान ७ मि. उशिरा. कारण : गप्पा.’

आप्पा मालगाडीचे गार्ड होते. हल्ली त्या पदाला काहीतरी भारदस्त नाव आहे म्हणतात, पण दौंडात आमच्या गल्लीत ते गार्डआप्पाच. नोकरीभर गाडी कुठं किती वाजता थांबली, का थांबली, किती वाजता सुटली हे शेवटच्या डब्यात बसून लिहायचं, हेच त्यांचं काम. नोकरीची शेवटची काही वर्षं उरली असताना रेल्वे क्वार्टर सुटलं, निवृत्त झाल्यावर लाल-हिरवे झेंडे गेले, सवय मात्र शेजारी राहायला आली. आमची भिंत एकच आहे. तेव्हा ती सवय बावीस वर्षं मी सोसते आहे, असं म्हणायला हरकत नाही.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. “कागदाबिगर गाडी हालत न्हाई, बाई.” म्हणजे ब्रेक तपासल्याचा दाखला हातात आल्याशिवाय गार्ड हिरवा झेंडा दाखवत नाही. रेल्वेपुरतं हे बरोबरच आहे. पण आप्पा दूधवाल्यालाही हेच ऐकवतात. नळाला पाणी आलं नाही तर नगरपालिकेत महिनाभराच्या वेळा लिहून नेतात. एकदा माझ्या मिस्टरांनी सहज म्हटलं की काल फार उकडत होतं, तर आप्पांनी विचारलं, “किती वाजता?”

कमलकाकी, म्हणजे त्यांची मंडळी, होत्या तेव्हा हा प्रकार सुसह्य होता. आप्पांची नोंद संपायच्या आत त्या चहाचा कप आपल्या हातात देत आणि आप्पांच्या पाठीमागून डोळे मिचकावत. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. तेव्हापासून चहा आप्पाच करतात, त्यामुळे नोंद आणि चहा यांच्यामध्ये बराच वेळ जातो. तोही वहीत लिहिलेला असतो.

तर अशा माणसाला मी माझ्या भाचीच्या लग्नाला नेलं. शीतल माझ्या बहिणीची मुलगी, माहेर पाटसचं. मुलगा कवठे येमाईचा, रोहित नावाचा. कॅनडात एका मोठ्या गोदामात कामाला. लग्न बघून ठरवलेलं, सुट्टी तीन आठवड्यांची. मुहूर्त बारा एकतीसचा होता. बारा एकतीसला नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना हार धरून उभे राहिले आणि माईकवरून सत्काराला सुरुवात झाली. साखर कारखान्याचे आजी संचालक, माजी संचालक, होऊ घातलेले संचालक, सरपंच, उपसरपंच, त्यांचे व्याही. प्रत्येकाला फेटा, शाल, नारळ आणि दोन शब्द. आप्पा पहिल्या रांगेत मांडीवर खिशातली डायरी ठेवून बसले होते. अक्षता पडल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळून समाधानानं सांगितलं, “त्रेपन्न मिनिटं लेट. कारण लिवलंय.” मला इतकी लाज वाटली की मी पंगतीत त्यांच्यापासून चार पानं लांब बसले.

तीन आठवड्यांनी रोहित गेला. शीतल सासरी राहिली. बायकोला नेण्यासाठीचा अर्ज त्यानं भरला आणि सगळे वाट बघत बसले. पुढच्या वर्षी जानेवारीत तिकडच्या कचेरीतून पत्र आलं. इंग्रजी पत्र म्हटल्यावर ते माझ्याकडेच यायचं होतं, कारण मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. शीतल कवठ्याहून दोन एसट्या बदलून आली आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढून तिनं माझ्यापुढे ठेवला. तुमचं नातं खरं आहे असं अर्जावरून पटत नाही, तीस दिवसांत आणखी पुरावे द्या, त्यानंतर फोनवर मुलाखत होईल, असं त्यात होतं.

मी विचारलं, तुम्ही काय काय जोडलं होतं? तर लग्नपत्रिका आणि दाखला. पत्रिकेत निमंत्रकांची एकशे चौदा नावं होती आणि नवरा-नवरीची दोन, तीही बारीक. एकमेकांना पाठवलेले मेसेज? ती खाली बघायला लागली. जाऊबाई रेसिपी बघायला म्हणून फोन घेतात, त्यामुळे ती रोजच्या रोज सगळं पुसून टाकायची. तिकडे रोहितही पुसायचा, कारण एका खोलीत चौघं राहतात आणि चेष्टा करतात. आपल्याकडे लाजेनं जे पुसतात तेच तिकडे मागतात, हे या पोरांना कोण सांगणार होतं?

“मावशी, तिथं कुणी तोंडावर बोलत न्हाई,” शीतल म्हणाली. “पण इहिरीवर बायका म्हणत्यात, नवऱ्यानं टाकली. आता फाईल परत आली तर ते खरंच हुईल.” आणि ती रडायला लागली. व्याकरण सोडून मला कशातलं काय कळतं?

भिंत एकच असल्यामुळे आप्पांना सगळं ऐकू गेलं असावं. पाच मिनिटांत ते दारात उभे. हातात दोन फाईली, पंचिंग मशीन आणि लाल-निळं पेन. शीतलचं रडणं थांबायची त्यांनी वाट बघितली, मग अगदी गाडीची तपासणी करायच्या आवाजात म्हणाले, “आल्बम आन.”

अल्बम पाच किलोचा होता. आप्पा भिंग घेऊन बसले. पहिली साठ पानं सत्काराची. फेटेच फेटे. ड्रोनमधून काढलेले मांडवाचे पत्रे आणि बाहेर लावलेल्या गाड्या. नवरा-नवरी सापडत होते ते कुणाच्या तरी मागे. एका फोटोत माजी संचालकांच्या तुऱ्याआडून शीतलची नथ तेवढी दिसत होती. संध्याकाळपर्यंत दोघांचे स्वतंत्र फोटो निघाले तीन, त्यातल्या एकात रोहितचे डोळे मिटलेले. त्यावर आप्पांनी मागे लिहिलं, ‘नवरदेव जागा होता. मी समक्ष हजर होतो.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, न पुसलेलं काहीच नाही का? शीतल म्हणाली, घरच्यांचा ग्रुप आहे फक्त, पण त्यात तीस माणसं आहेत आणि रोहित त्यात रोज एकच विचारतो. आप्पांनी फोन मागून घेतला. रोहितचा रोज सकाळी मेसेज होता, ‘झाला का चहा सगळ्यांचा?’ त्याखाली शीतलचा एक अंगठा. बाकी सत्तावीस-अठ्ठावीस जणांनी त्याला कधी उत्तर दिलं नव्हतं. जून ते जानेवारी, रोज एक प्रश्न आणि एक अंगठा. मी म्हटलं, आप्पा, यात काय आहे, हा तर सगळ्या घराला विचारतोय.

आप्पा वही, पट्टी आणि शीतलचा फोन घेऊन आपल्या घरी गेले. फोन द्यायला ती आधी कुरकुरत होती, पण आप्पांनी वहीत ‘फोन आला ११.०५’ अशी नोंद केल्यावर तिचा विश्वास बसला. दोन दिवस ते आकडे उतरवत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या जेवणाच्या टेबलावर एक लांबलचक तक्ता पसरला. मालगाडीचा असतो तसाच, वरती तारखा, बाजूला वेळा.

“ह्यो त्याचा मेसेज. सकाळी सहा चाळीस, रोज. ह्यो हिचा अंगठा, सहा एक्केचाळीस. आता हितं बगा, नोव्हेंबर.” त्यांनी लाल पेन टेकवलं. “ह्यो झाला सात चाळीस. तिकडं घड्याळ तासभर मागं घेत्यात, म्या इचारून घेतलं. आन् हिचा अंगठा बगा. सात एक्केचाळीस. हिकडं कुणी घड्याळ मागं घेतलंय? कवठ्यात म्हशी त्याच टायमाला, चूल त्याच टायमाला. तरी येका मिन्टात अंगठा, म्हंजी हिनं चहाचा टाइम तासभर फुडं नेला. का?”

आम्ही दोघींनी शीतलकडे बघितलं, म्हणजे मी आणि आदल्या दिवशी पाटसहून आलेली तिची आई. शीतलचे कान लाल झाले होते. सासूबाईंना पित्ताचं कारण सांगून ती नोव्हेंबरपासून चहा उशिरा घेत होती. त्याचा मेसेज आल्याशिवाय ती पीत नव्हती. एवढी वर्षं मी मुलांना निबंध शिकवले, पण असं काही कुणी मला लिहून दाखवलं नव्हतं.

तक्ता मी इंग्रजीत केला. सोबत ओळखीच्या माणसांची निवेदनं लागतात, या दोघांचं नातं खरं आहे हे मी जाणतो, अशा अर्थाची. आप्पांनी स्वतःचं निवेदन सांगितलं आणि मी उतरवून घेतलं. ते एखाद्या अपघाताच्या अहवालासारखं होतं. त्यात शेवटी त्यांनी डायरीतली एक नोंद घातली, जी ऐकून मी लिहिता लिहिता थांबले. ‘२.०५. पंगतीत नवरीचा शेला वरणात गेला. नवरदेवाने तो उचलून स्वतःच्या पंच्याने पुसला. दोघे हसले. इतर कोणाचे लक्ष नव्हते.’ मी त्यांच्यापासून चार पानं लांब बसले होते, तेव्हा ते हे लिहीत होते.

फाईल गेली. मार्चमध्ये फोनवर मुलाखत झाली. पलीकडच्या बाईंनी विचारलं म्हणे, रोज सकाळी तुमचे यजमान काय विचारतात? शीतल हसली आणि तिनं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, आणि आज? तर शीतल म्हणाली, आज चहा अजून घेतला नाही, तुमच्या फोनमुळे उशीर झाला. मंजुरी आली ती एप्रिलमध्ये. शीतल पेढे घेऊन आप्पांच्या पाया पडायला आली, तेव्हा त्यांनी तिला ‘आले’च्या रकान्यात लिहिलं. ‘गेले’च्या रकान्यात मात्र वेळेपुढे लिहिलं, ‘कॅनडा’.

ती गेल्यावर आठवड्यानं आप्पा आमच्याकडे आले. हातात एक कोरी फाईल. चहा झाला. मग म्हणाले, “बाई, एक लिवून पायजे व्हतं. त्या पोरीला दिलं तसलं. आमच्या दोघांचं.”

मला आधी कळेना. मी विचारलं, कशासाठी? पेन्शनचं काही अडलंय का?

“कुटं द्यायचं न्हाई. फाईलला लावायचं.” त्यांनी फाईल उघडून दाखवली, ती रिकामी होती. “आमच्या लग्नाच्या टायमाला फोटो काढला न्हाई. पत्र लिवायची येळ कवा आलीच न्हाई, एका खोलीत संसार. म्हनलं, वह्यांत आसंल. समद्या चाळल्या. दूधवाला हाय, तुम्ही हाय, मांजर हाय. ती न्हाई. आल्या-गेल्याची वही ती. ती कुटं आली-गेली? घरातच व्हती.”

मग हळूच म्हणाले, “एकच नोंद हाय. नऊ पन्नासला दवाखान्यात निघाली. ‘आले’चा रकाना मोकळा हाय.”

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. कागद घेतला आणि मराठीतच लिहायला बसले. मी गार्डआप्पांना आणि कमलकाकींना शेजारी म्हणून ओळखते. आप्पांच्या ड्युटीला वेळ नसे, पण गल्लीच्या तोंडाला त्यांची गार्डाची लोखंडी पेटी दगडावर आपटल्याचा आवाज आला की काकी चहाचं आधण ठेवत. दारात पोचेपर्यंत कप भरलेला असे. दोघं ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत तेव्हा आप्पा मोठे दाणे काकींच्या ताटलीत टाकत आणि खवट स्वतः खात. बोलताना मी त्यांना फारसं ऐकलं नाही, भांडतानाही नाही. हे सर्व मी भिंतीच्या अलीकडून आणि पलीकडून समक्ष पाहिलेलं आहे.

वाचून दाखवलं. आप्पांनी मान हलवली. मी सही केली, तारीख घातली आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं घड्याळाकडे बघून विचारलं, किती वाजले ते घालू ना खाली?

“टाइम नको,” आप्पा म्हणाले. “ती घरातच व्हती, यवढं लिवा.”